दर आठवड्याला संपणारी गोष्ट

(वेळणेश्वर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानं होतात, त्यांच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकले. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी ते अर्धा तास गोष्ट सांगायचे, आणि ती त्या अर्ध्या तासात संपायची. पुढचं पुढल्या शनिवारी, असं त्यांनी कधी केलं नाही. कुणी हट्टाने विचारलंच, गुरुजी, त्या राजपुत्राचं मग काय झालं, तर म्हणायचे, “गोष्ट संपली. आता घरी जाताना तू विचार कर.” आणि खरोखरच शाळेपासून देवळापर्यंतच्या वाटेवर, माडांच्या सावलीतून चालताना, आम्ही त्या राजपुत्रावरून भांडत असायचो.

आज मी टीव्हीसाठी लिहिते. रोज रात्री लागणाऱ्या मालिका. लोकांनी त्यांच्यावर माया केली, त्यांनी माझं घर चालवलं, तेव्हा त्यांच्याविषयी मी वाईट बोलणार नाही. पण एक काम मला त्यांत कधीच करता आलं नाही. मला गोष्ट संपवता आली नाही. आजच्या भागाचं शेवटचं दृश्य उद्याच्या भागाकडे ओढणारं हवं, त्याला आम्ही ‘हुक’ म्हणतो. महिन्याच्या शेवटाला पुढच्या महिन्याचा ‘ट्रॅक’ तयार हवा. आणि एक दिवस आकडे घसरतात, स्लॉट दुसऱ्याला जातो, आठ दिवसांत सगळं गुंडाळा असा निरोप येतो. तेव्हा मालिका थांबते. थांबणं निराळं आणि संपणं निराळं, हे मला या गावात शिकवलं गेलं होतं. म्हणून आज मी टीव्हीवरच्या त्या प्रकाराबद्दल बोलणार आहे, ज्यात दर भागाला गोष्ट नवी, माणसं नवी, घर नवं. आणि ती गोष्ट गूढाची, अद्भुताची किंवा विज्ञानाची. आमच्या धंद्यात अशा मालिकेला ‘एपिसोडिक’ म्हणतात. मराठीत त्या प्रकाराचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं नाव म्हणजे ‘गहिरे पाणी’. लेखक रत्नाकर मतकरी.

अल्फा मराठी ही वाहिनी १९९९ साली सुरू झाली. तिचीच पुढे झी मराठी झाली. आमच्या वाडीत त्या काळात केबलची तार दोनच घरांत आलेली होती. ‘गहिरे पाणी’ लागायच्या वेळी आम्ही त्यातल्या एका घराच्या पडवीत जमायचो. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीला घरी आलेले. बाहेर पाऊस धो धो. पडद्यावर कुणीतरी दाराच्या कडीला हात घातला आणि वीज गेली.

कोकणात पावसाळ्यात वीज जाण्याचं कुणाला नवल नाही. कंदील आला. पण कुणी उठेना. पाच मिनिटं थांबून बघू, दहा मिनिटं थांबून बघू, असं करता करता काकांनी सांगून टाकलं, दारामागे काय असणार ते. शेजारच्या काकीला ते पटलं नाही. तिने दुसरा शेवट सांगितला. माझ्या चुलतभावाने तिसरा, त्यात तर दारच नव्हतं, ते त्या माणसाला भासत होतं. आणि माझी आजी, जिला टीव्हीतलं अर्धं ऐकूही येत नसे, ती कोपऱ्यातून म्हणाली, “दारामागं काय आहे ते सोडा. त्यानं केलंय काय, ते बघा. ज्यानं केलंय त्यालाच ते दार दिसणार.” रात्री अकराला आम्ही छत्र्या घेऊन घरोघरी गेलो. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

पुढे रोजच्या मालिका घराघरात आल्या. वीज तेव्हाही जायचीच. पण पडवीत बसून कुणी त्या मालिकेचा शेवट लावला, असं मी पाहिलेलं नाही. उद्या सकाळी रिपीट बघू, म्हणायचे आणि उठायचे. यात त्या लोकांचा दोष नाही. जिला शेवटच नाही तिचा शेवट कोण लावणार?

मतकरींविषयी थोडं सांगते, कारण आपल्या मुलांना ते ‘अलबत्या गलबत्या’चे लेखक म्हणून ठाऊक असतात आणि तेवढ्यावरच राहतात. जन्म १९३८चा, मुंबईचा. ‘वेडी माणसं’ ही त्यांची एकांकिका १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरून झाली, तेव्हा वय सोळा-सतरा. पुढे वीस वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरी. ती १९७८ साली सोडली आणि मग पूर्ण वेळ लेखन आणि रंगभूमी. बालनाट्यं केली, ‘लोककथा ७८’ केलं, ‘आरण्यक’ लिहिलं. मे २०२०मध्ये, करोनाच्या साथीत, ते गेले. या सगळ्याच्या बरोबरीने ते गूढकथा लिहीत राहिले. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘कबंध’, ‘रंगांधळा’ ही त्यांच्या संग्रहांची नावं मी लहानपणी आपल्याच वाचनालयाच्या कपाटात वाचली, आणि ‘खेकडा’ तर काचेतून बघूनच भीती वाटायची.

ते या कथांना भयकथा म्हणत नसत, गूढकथा म्हणत. हा फरक मला लिहायला लागल्यावर कळला. भयकथेत बाहेरून काहीतरी येतं. ते गेलं की सुटका. मतकरींच्या कथेतलं घर दोन खोल्यांचं असतं, माणूस नोकरदार असतो, बाई डबा भरत असते, आणि जे काही भयंकर असतं ते त्या खोल्यांतूनच उगवलेलं असतं. कुणाचा तरी हेवा, कुणाला तरी दिलेलं आणि विसरलेलं वचन, मुलाकडे झालेलं दुर्लक्ष. भूत त्यात असेल किंवा नसेल; पण हिशेब असतोच. आजी कोपऱ्यातून जे म्हणाली ते हेच होतं.

आणि ते फक्त माझ्या आजीचं म्हणणं नव्हे. आपल्याकडे कुणाला चकवा लागला, रात्रभर त्याच त्या बांधाभोवती फिरत राहिला, असं कळलं की जुनी माणसं चकवा कसा दिसतो ते विचारत नाहीत. विचारतात, “निघाला कुठून होता?” मुंजा, समंध, जखीण, देवचार, गिऱ्हा: इतकी नावं आपण ठेवली, कारण प्रत्येकाच्या मागे एक वेगळं राहून गेलेलं काम आहे. कुणाची मुंज झाली आणि लग्न राहिलं, कुणाचं धन पुरलेलं राहिलं, कुणाला वारस राहिला नाही. अद्भुताकडे बघण्याची ही तपासनीसाची रीत आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीला वेतोबाला मोठाल्या वहाणा वाहतात. तो रात्री गाव फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. राखणदारालासुद्धा आपण पायी हिंडायला लावलं आहे.

वेतोबा म्हणजे वेताळच, त्यावरून आठवलं. रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ दूरदर्शनवर १९८५ साली आली. विक्रम झालेले अरुण गोविल, वेताळ झालेले सज्जन. ती पाहिलेली माणसं या सभेत पुष्कळ असतील. ती एपिसोडिकच होती. मूळ संस्कृत कथा पंचवीस, सोमदेवाच्या कथासरित्सागरात, म्हणजे अकराव्या शतकात, त्या आल्या आहेत, आणि मराठीत आपण त्यांना वेताळपंचविशी म्हणतो. दर वेळी नवे राजे, नव्या राण्या. कायम राहतात ते फक्त सांगणारा आणि ऐकणारा. आणि सांगणाऱ्याची अट बघा. गोष्ट संपली की प्रश्न. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. उत्तर दिलंस तर मी निघालो झाडावर. ऐकणाऱ्याला मत द्यायला भाग पाडण्याची याहून पक्की तरकीब मला माहीत नाही.

हीच तरकीब अमेरिकेत एका माणसाने टीव्हीवर केली. रॉड सर्लिंग त्याचं नाव. ‘द ट्वायलाइट झोन’ ही त्याची मालिका २ ऑक्टोबर १९५९ रोजी सुरू झाली. आपलं मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२चं. बरोबर तेरा वर्षांनी. पाच हंगामांत १५६ भाग झाले, त्यांतले ९२ सर्लिंगने स्वतः लिहिले. काळा सूट घालून तो पडद्यावर यायचा, दोन वाक्यांत गोष्टीच्या दारापर्यंत न्यायचा आणि बाजूला व्हायचा. शेवटी पुन्हा त्याचा आवाज. वेताळ आणि तो एकाच जातीचे.

पण तो या अद्भुताकडे वळला का, ते ऐकण्यासारखं आहे. सर्लिंग दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाइन्समध्ये लढून आला होता. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाचा गोऱ्यांनी खून केला आणि आरोपी सुटले. सर्लिंगने त्यावर टीव्हीसाठी नाटक लिहिलं. प्रायोजक घाबरले. दक्षिणेकडचा प्रांत बदलून गोष्ट उत्तरेत नेली, मारला गेलेला माणूस कुणी अनोळखी परदेशी केला, आणि जे १९५६ साली प्रक्षेपित झालं त्यात लिहिणाऱ्याचं म्हणणं उरलं नव्हतं. माझ्या धंद्यात असल्याने सांगते, हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. कागदावरचं एकेक नाव खोडलं जाताना लेखक समोर बसलेला असतो. सर्लिंगच्या ध्यानात आलं की जे सिनेटरच्या तोंडी चालत नाही ते मंगळावरच्या माणसाच्या तोंडी चालून जातं. कुणी खोडत नाही, कारण कुणाला ते आपल्याबद्दल आहे असं वाटत नाही. मग तो अर्धा तास संपतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटायला लागतं.

४ मार्च १९६०चा एक भाग सांगते. मेपल स्ट्रीट नावाची गल्ली. संध्याकाळ, मुलं खेळताहेत, कुणी गाडी धुतंय. आकाशातून काहीतरी सरकत जातं आणि गल्लीतली वीज जाते. फोन बंद, गाड्या बंद. एक मुलगा म्हणतो, मी वाचलंय, परग्रहावरचे लोक असेच येतात. आधी माणसांसारखी दिसणारी आपली माणसं पाठवतात. बस्स. तेवढ्यात एकाची गाडी आपोआप सुरू होते. त्याचीच का? दुसरा रात्री आकाशाकडे बघत उभा असतो. कशासाठी? अंधार पडतो तशी शेजारी शेजाऱ्याच्या जिवावर उठतात, बंदूक निघते, माणूस मरतो. आणि टेकडीवर यान घेऊन उभे असलेले दोघे एकमेकांना सांगतात की आपल्याला फारसं काही करायचं नसतं, वीज घालवली की पुरे.

मी हा भाग प्रथम पाहिला तेव्हा मला आमची पडवी आठवली. वीज तिथेही गेली होती. आम्ही मात्र चौघे चार शेवट सांगत बसलो होतो. मी त्याचं कौतुक करून इथे टाळ्या घेणार नाही. आपल्या गावांतसुद्धा वीज न जाता, भर दुपारी, बांधावरून आणि आडनावावरून मेपल स्ट्रीट झालेली मी पाहिली आहे. तुम्हीही पाहिली आहे.

दुसरा एक भाग त्याच्या आदल्या वर्षीचा, नोव्हेंबर १९५९चा. लिन व्हेनेबल या लेखिकेच्या कथेवरचा. हेन्री बेमिस हा बँकेतला कारकून, बर्जेस मेरेडिथ या नटाने केलेला. जाड भिंगाचा चष्मा. त्याला फक्त वाचायचं असतं. साहेब वाचू देत नाही, बायको वाचू देत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो बँकेच्या तिजोरीघरात जाऊन वाचतो. तेवढ्यात बाहेर अणुबाँब पडतो. त्यातून तो एकटा वाचतो. फिरता फिरता त्याला ग्रंथालयाची पडझड झालेली इमारत सापडते, पुस्तकं शाबूत. कुठल्या महिन्यात काय वाचायचं याच्या तो राशी लावतो. आणि खाली वाकतो तेव्हा चष्मा पडून फुटतो.

या गोष्टीत आजीचा नियम मोडतो. बेमिसने काहीच केलेलं नाही. म्हणूनच ती साठ वर्षांनंतरही माणसांना सोडत नाही. मी माझ्याकडे येणाऱ्या नवीन लेखकांना ही गोष्ट दाखवते आणि विचारते, यात गुन्हेगार कोण? एकाने सांगितलं, बायको. एक मुलगी म्हणाली, बाँब टाकणारे; ते पडद्यावर दिसत नाहीत म्हणून आपण त्यांना मोजत नाही. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं. बँकेतल्या नोकरीत राहून वीस वर्षं लिहिणाऱ्या मतकरींनी हा भाग पाहिला असता तर त्यांना त्या तिजोरीघराचं काय वाटलं असतं, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आता या प्रकाराचं कसब सांगते. रोजच्या मालिकेत पात्र पडद्यावर यायच्या आधी त्याचं संगीत येतं आणि प्रेक्षकाला कळतं, चांगलं कोण, वाईट कोण. एपिसोडिकमध्ये पहिली पाच मिनिटं प्रेक्षकाला काहीच कळत नाही. अनोळखी चेहरे असतात. कुणावर विश्वास ठेवायचा ते माणूस काय करतो यावरूनच ठरवावं लागतं. आणि कुणालाही जिवाची हमी नसते. माझ्या मालिकेतली नायिका दरीत पडली तर पुढल्या सोमवारी परत येणार हे आठ वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. एका भागाच्या गोष्टीत ती मेली तर मेली. म्हणून तिथे ती दरीच्या कडेला उभी राहिली की श्वास अडकतो.

मग असल्या मालिका होत का नाहीत? कारण पैसा. रोजच्या मालिकेत एक बंगला उभारतात: दिवाणखाना, जिना, स्वयंपाकघर, देवघर. तो तीन-तीन वर्षं चालतो. एपिसोडिकला दर आठवड्याला नवं घर, नवे कपडे, नव्या नटांच्या तारखा. ‘ट्वायलाइट झोन’लाही खर्च झेपेना, तेव्हा दुसऱ्या हंगामात सहा भाग फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर घेतले, आणि ते आज पाहतानाही वेगळे पडतात. चौथ्या हंगामात गोष्ट तासाभराची केली. अठरा भाग तसे झाले आणि मग निमूटपणे पुन्हा अर्ध्या तासावर आले. माझ्या मते दोष तासाचा होता. अद्भुताची एक गाठ अर्धा तास ताणते. त्यापुढे ती सुटते किंवा तुटते. गुरुजींचा अर्धा तास त्यांनी घड्याळ बघून ठरवला असेल, पण तो बरोबर होता.

आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट या सगळ्यात गुंतलेली आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. स्टीफन किंगची एक कथा आहे, ‘ग्रॅमा’. एक मुलगा घरात एकटा, सोबत अंथरुणाला खिळलेली भयानक आजी. ती त्याच्या १९८५च्या संग्रहात आहे. ‘ट्वायलाइट झोन’ १९८५ साली नव्याने सुरू झाली तेव्हा फेब्रुवारी १९८६मध्ये तिच्यावर एक भाग झाला. पटकथा हार्लन एलिसनची. इकडे आपल्या नारायण धारपांनी त्या कथेवरून ‘आजी’ लिहिली. धारपांची आजी मराठी झाली होती, मराठी घरात निजली होती. राही अनिल बर्वे या मुलाने १९९३ साली ती धारपांची गोष्ट एका मित्राकडून जंगलात रात्री ऐकली. वाचलीही नाही, ऐकली. तिथून पंचवीस वर्षांनी, ऑक्टोबर २०१८मध्ये, ‘तुंबाड’ हा चित्रपट आला, आणि त्यातली साखळदंडात बांधलेली म्हातारी पाहताना देशभरची माणसं खुर्चीला चिकटली.

तुंबाड कुठे आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून, जी कादंबरी १९८७ची. म्हणजे अमेरिकेतली एक आजी, टीव्हीचा एक भाग, पुण्यातला एक गूढकथालेखक, जंगलातली एक रात्र आणि आपल्या जिल्ह्यातलं नदीकाठचं एक गाव. गोष्टी अशा प्रवास करतात. पण माझ्या मनाला लागतं ते वेगळं. तिकडे तो संग्रह आल्यावर वर्षभरात त्या आजीला टीव्हीवर जागा मिळाली. आपल्याकडे धारपांच्या आजीला पडद्यावर यायला एका माणसाला आपली उमेदीची वर्षं द्यावी लागली. धारपांनी शंभराच्या आसपास पुस्तकं लिहिली. त्यांतल्या किती गोष्टी अशा एखाद्या वेड्याची वाट बघत पडल्या आहेत?

विज्ञानकथेचं तर याहून अवघड. मतकरींच्याच वर्षी, १९३८मध्ये, कोल्हापुरात जयंत नारळीकरांचा जन्म झाला. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली. नाव घातलं नारायण विनायक जगताप, स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ, पण मराठीत गोष्ट लिहिताना नवख्याच्या रांगेत उभा राहिला, याचं मला फार अप्रूप आहे. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह १९७९चा. मे २०२५मध्ये नारळीकरही गेले.

त्यांचे गुरू फ्रेड हॉईल. केंब्रिजमध्ये नारळीकर त्यांच्याकडे संशोधन करत होते त्याच सुमारास, १९६१ साली, हॉईल यांनी जॉन एलियट यांच्या जोडीने बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही विज्ञानमालिका लिहिली. पुढे बीबीसीनेच १९६५पासून ‘आउट ऑफ दि अननोन’ चालवली. बहुतेक भागांना एखादी आधीच छापलेली विज्ञानकथा घ्यायची आणि तिचं नाटक करायचं. आसिमोव्ह घेतले, जॉन विंडम घेतले, ई. एम. फॉर्स्टरची १९०९ सालची कथासुद्धा घेतली. कपाट उघडलं आणि मालिका केली. आपल्या कपाटात नारळीकर आहेत, लक्ष्मण लोंढ्यांचा ‘दुसरा आइन्स्टाईन’ आहे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर आहेत.

विज्ञानकथा म्हटलं की निर्माते मला विचारतात, अवकाशयानं कुठून आणायची? त्यांना मी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ सांगते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे. अपघातानंतर ते अशा जगात जागे होतात जिथे १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून गेली आणि मराठे जिंकले. ते पुण्याहून आगगाडीने मुंबईला येतात. आता पडद्यावर काय लागेल ते बघा. आगगाडीचा डबा. एक ग्रंथालय. आणि एका कचेरीतली चौकशीची खिडकी. तिथे ते आपल्या मुलाची चौकशी करतात आणि खिडकीतली बाई यादी बघून सांगते की या नावाचं इथे कुणी काम करत नाही. इतिहास बदलला, आपण जिंकलो, आणि त्या जगात या बापाचा मुलगा नाही. एक चांगला नट आणि ती खिडकी. यापेक्षा भारी स्पेशल इफेक्ट मला कुठल्या संगणकाने करून दाखवावा. पुढे ते आझाद मैदानावर व्याख्यान द्यायला व्यासपीठावर चढतात आणि लोक त्यांना अंडी-टोमॅटो मारून खाली ओढतात, कारण त्या जगाने व्याख्यानं कधीच टाकून दिलेली असतात.

किंवा ‘धूमकेतू’. पृथ्वीवर आदळू शकणारा धूमकेतू ज्याने शोधला त्याच्याच घरात यज्ञ मांडलेला आहे. बाहेर शास्त्रज्ञ अवकाशात यान पाठवून त्याची दिशा बदलायच्या खटपटीत. अरिष्ट टळतं. मग त्या घरात जेवायला बसल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? हा भाग एका ओटीवर आणि एका माजघरात चित्रित होतो. अवकाश दाखवायची गरज नाही. दुर्बिणीकडे बघणारा माणूस दाखवला की पुरतं. हे मी उत्साहाच्या भरात म्हणत नाही, मी अशा दोन कथांच्या पटकथा करून त्यांचा खर्च मांडून पाहिला आहे. रोजच्या मालिकेच्या एका लग्नाच्या आठवड्याला जेवढे दागिने आणि फुलं लागतात, त्यात दोन भाग निघतात. मी ते आकडे घेऊन एका वाहिनीच्या कचेरीत गेले होते. ऐकून घेतलं. चहा दिला. दुसऱ्या आठवड्यात प्रेक्षक परत कशासाठी येईल, असं विचारलं. मी म्हणाले, गोष्टीसाठी. त्यांना ते उत्तर वाटलं नाही.

त्या दिवशी खाली उतरून मी बराच वेळ रस्त्यावर उभी होते. मला राग त्या माणसांचा आला नाही. त्यांच्यापुढे आकडे असतात. वाईट वाटलं ते या गोष्टीचं की आमच्या भाषेत दिवाळी अंकांनी शंभर वर्षांहून जास्त काळ लोकांना हेच शिकवलं होतं: अंक उघडायचा, नव्या माणसांची नवी गोष्ट वाचायची, ती संपली की पान उलटायचं. लघुकथा वाचणारा हा समाज. त्याला दर आठवड्याला नवी गोष्ट कळणार नाही, असं कुणी कसं ठरवलं?

तेव्हा मी तुमच्याकडे आले आहे. वरती आपल्या गावात महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली मुलं मोबाइलवर जे चित्रण करतात ते मी पाहिलं आहे. प्रकाशाची समज चांगली आहे, नावं मोठी आणि गोष्ट लहान असते एवढंच. खाली आगरं आहेत, सुरूचं बन आहे, हेदवीला बामणघळीत भरतीचं पाणी माथ्यावर उडतं. आपल्याकडे शिमग्यात खेळे निघतात तेव्हा काळ्या कपड्यांतला, उंच टोपीचा संकासूर अंगणात शिरला की पोरं अजूनही आजीच्या मागे लपतात. त्याला कुणी सेट लावत नाही. अंगण पुरतं. शेणाने सारवलेलं अंगण आणि एक पेट्रोमॅक्स एवढ्यावर आपल्या पूर्वजांनी दर वर्षी अद्भुत उभं केलं आहे.

माझं मागणं लहान आहे. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची मुलं गावी आली की त्यांनी आणि कॉलेजच्या मुलांनी मिळून एक गोष्ट करावी. एक घर, चार माणसं, अर्धा तास. कथा कुणाची घ्यायची असेल तर लेखकाच्या घरच्यांची रीतसर परवानगी घ्यावी, त्यासाठी पत्र मी लिहीन. पहिल्या खेपेला परवानगीची अडचण नको म्हणून एक पटकथा मी बरोबर आणली आहे. बावीस पानं आहेत. पडवीत पाच माणसं टीव्ही बघत बसली आहेत, पाऊस आहे, पडद्यावर कुणीतरी दाराच्या कडीला हात घालतो आणि वीज जाते. चार जण चार शेवट सांगतात. मग त्या घराच्याच दाराची कडी वाजते.

ती वही मी वाचनालयात ठेवून जाते आहे. शेवट त्यात लिहिलेला आहे, पूर्ण. आजीने सांगितला होता तोच.